उकंडा राजाचं टेकाड

“राजाचं नाव उकंडा?” रंगराव हसू दाबत म्हणाला. “काऊन वं मावशी, राजाच्या घरीबी लेकरं जगत नव्हते का?”

“नव्हते ना,” म्हातारी जनकाबाई म्हणाली. “म्हनून तं उकिरड्यावर लोळवलं त्याले. साहेबाले सांग भाऊ, टेकाडावर खंदू नका. राजाची समाधी हाय.”

मोजणीचा इंग्रज साहेब देऊळघाटात उतरला होता. टेकाडावर खड्डा खणून त्याला निशाणीचा दगड पुरायचा होता. पण साहेबाला आणखी एक नाद होता. गावोगावच्या पोथ्या आणि जुन्या कहाण्या तो गोळा करी. दुसरबीडला एका साधूच्या समाधीची कहाणी ऐकून त्यानं दगड चक्क दुसऱ्या शेतात हलवला होता. ती बातमी म्हातारीच्या कानावर आली होती.

रंगराव साहेबाचा दुभाषा, मलकापूरचा. त्याला म्हातारीची दया आली. जरा बरा राजा करून देऊ, आपलं काय जातं?

“फौज किती?” साहेबानं विचारलं.

“गावातले सारे कुत्रे त्याच्या मांगं राहत.”

“दहा हजार,” रंगरावनं साहेबाला सांगितलं.

“घोडा?”

“होता. ना चारा मागे, ना पानी.”

“अरबी.”

“राजा मेला कसा?”

“पटकीत. गावात खांदा द्यायले कोनी उरलं नव्हतं.”

“घनघोर लढाई झाली, साहेब.”

साहेबानं टोपी काढून टेकाडाला सलाम केला. दगड रद्द. जनकाबाईनं रंगरावचे पाय धरले.

मग साहेब आणखी काही बोलला आणि रंगरावचा चेहरा पडला. साहेबाचं म्हणणं, साधूजवळ काय असणार? पण एवढा मोठा राजा म्हणजे तलवार, ताम्रपट, काहीतरी सोबत पुरलेलं असणारच. आता अख्खं टेकाड खणायचं.

रंगराव घाईघाईनं फौज पाचशेवर आणू लागला. घोडाही त्यानं विकून टाकला. साहेब ऐकेना. मजूर कुदळी खांद्यावर टाकून चढू लागले.

रंगरावनं मान खाली घालून म्हातारीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. त्याची बाही धरून हळूच म्हणाली,

“मंग कुदळ हळू मारा म्हना, भाऊ. सात वर्साचा हाय तो. लई खोल नाही पुरला. माह्या एकटीच्यानं तेवढाच खड्डा झाला.”