समासातलं मत

माहेरच्या वाचनालयातली तेवीस पुस्तकं कुंताच्या धाकट्या बहिणीनं वाचली होती. प्रत्येकाच्या समासात शिसपेन्सिलीनं आपलं मत लिहिलं होतं. तिला कुंतानंच समजूत घालून सासरी परत पाठवलं होतं. पंधरवड्यात ती वारली. तिचं अक्षर तेवढंच उरलं होतं, म्हणून कुंता जवाहरनगरहून पहिल्या बसनं आली. ग्रंथपाल घनश्यामभाऊ खोडरबर झटकत होते. “उद्या तपासणी आहे ना कुंताबाई, सारं खोडून टाकलं. काहीबी लिहून ठेवे पोरगी! म्हणे, नायक नंदीबैल आहे!” “सारं खोडलं? एक पान तरी ठेवाचं होतं, भाऊ!” सासरी परत जाण्याआधी बहिणीनं वाचलेली शेवटची कादंबरी कुंतानं ओढून घेतली. नायिका नवऱ्याकडे परतते ते पान खिडकीशी तिरपं धरलं. अक्षर गेलं होतं. पेन्सिल दाबल्याचे चरे कागदात होते. दुपारपर्यंत पाच शब्द लागले: ‘हिनं वापस जायले नव्हतं पाहिजे.’