सहा महिन्यांची छावणी

दुसऱ्या महायुद्धातल्या छावणीचे अवशेष शोधायला नलिनी बर्वे माळावर आल्या, तेव्हापासून जवळच्या वस्तीतले सावळाराम आजोबा मागेमागेच होते. “इथं भटारखाना, तिथं दवाखाना,” ते न विचारताच सांगत होते. बाईंना शंका आली. गवतात बुडालेल्या चौथऱ्यांवरून कुणाला एवढं कसं कळेल? हा माणूस थापा मारतोय.

त्यांनी मुद्दाम विचारलं, “आणि चर्च कुठं होतं?” त्यांच्याजवळच्या छावणीच्या जुन्या नकाशात चर्च नव्हतंच.

“न्हवतं. गोरे तंबूतच प्रार्थना करायचे,” आजोबा म्हणाले. “पारख करताय व्हय, बाई?”

बाई ओशाळल्या, पण संशय गेला नाही. “तुम्हाला इतकं नेमकं कसं ठाऊक?”

“आमचं गाव उठवून छावणी बसवली. सहा महिन्यांत जागा परत देतो म्हणाले. मी सात वर्षांचा होतो. रोज तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून बघायचो, कुणाच्या घरावर काय बांधतायत ते.” त्यांनी दवाखान्याच्या चौथऱ्याकडे बोट केलं. “त्याच्याखाली आमची चूल हाय. युद्ध संपलं, जमीन काय मिळाली न्हाई.”

बाई वहीचं कोरं पान उघडून म्हणाल्या, “गावाची वेस कुठं होती? तिथपासून सांगा.”