कुंकवाचं बोट

“टॅब डब्याच्या खाली ठेवू नको आई, काच फुटंल,” जिजानं बजावलं.

“व्हय गं बाई, तान्ह्या लेकरावानी नेते. आधी पान दाव.”

जिजानं गणितं सोडवलेलं पान पुढं केलं. भागूबाईनं करंड्यात बोट बुडवलं आणि पानाच्या कोपऱ्यात कुंकू लावलं. नव्या वहीला सगळेच लावतात, पण ही बाई दर आठवड्याच्या पानाला लावायची. लहानपणी फुलंब्रीला, माहेरी, कडबाकुट्टीच्या यंत्रात तिच्या बोटाचं टोक गेलेलं. त्यामुळं तिचं कुंकू कधी गोल उमटलंच नाही, डाळीच्या फाकेसारखं अर्धंच उमटायचं. गल्लीत हळदीकुंकवाला यावरून तिची थट्टा व्हायची आणि तीही खदाखदा हसायची.

“आई, डाग दिसतो ना फोटूत!”

“दिसू दे. देवाचं हाय. काढ आता.”

जिजानं कपाळावर आठ्या घालून पानाचा फोटो काढला.

करमाडच्या पुढं एक निवासी शाळा होती. तिथं नंबर लागावा म्हणून पैसेवालेसुद्धा देव पाण्यात ठेवायचे. त्या शाळेनं यंदा सगळ्यांसाठी परीक्षा काढली. दहा आठवडे टॅबवर धडे पाहायचे, दर आठवड्याला एक पान सोडवून त्याचा फोटो पाठवायचा. ज्याची पानं सगळ्यात सरस, त्याचं दहावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण फुकट. जागा मात्र एकच. मुकुंदवाडीच्या वस्तीतल्या जिजासकट वीस लेकरांना टॅबही शाळेनंच दिले होते.

टॅब दिला खरा, पण पत्र्याच्या खोलीत नेट कुठून आणणार? जिजा दारात उभी राहून टॅब वर धरायची, हात दुखायचे, फोटो काही जायचा नाही.

भागूबाई बारा वर्षं सिडकोत दमयंतीबाईंकडं धुणीभांडी करत होती. बाई निवृत्त शिक्षिका, स्वभावानं मऊ. त्याच म्हणाल्या, “अगं, माझ्याकडे वायफाय चोवीस तास चालू असतं. तू टॅब घेऊन ये, मी पाठवत जाईन. पानावर नाव लिहायचं नसतं, ते पाठवताना खाली भरावं लागतं. तुला ते जमायचं नाही.”

तेव्हापासून दर सोमवारी टॅब पिशवीतून सिडकोत यायचा. वरच्या खोलीत बाईंची नात मैथिली अभ्यासाला बसलेली असायची, म्हणून भांडी आवाज न करता घासायची. बाई चष्मा लावून टॅब हातात घ्यायच्या, बराच वेळ काहीबाही दाबायच्या आणि म्हणायच्या, “गेलं बघ!”

“पोचलं ना बाई?”

“पोचलं गं! काय अक्षर आहे पोरीचं! तीस वर्षं शिकवलं मी, असं अक्षर पाहिलं नाही.”

मग बाई स्वतः चहा टाकायच्या. त्या दिवशी भागूबाईला भांड्यांचा ढीग दिसायचाच नाही. आपली पोरगी दुसऱ्याची खरकटी काढणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात असायचं.

दहावं पानही गेलं. निकालाच्या दिवशी भागूबाई उपाशीच कामावर आली. बाईंनी मोबाईल पाहिला आणि खाली ठेवला.

“नाही गं आलं नाव.”

“दुसरा नंबर बी नाय?”

“पानं तपासलीच गेली नाहीत, भागू. ती पानं मशीन तपासतं. पानावर डाग दिसला की मशीन ते पान बाजूला टाकतं. तुझं ते कुंकू...” बाईंचे डोळे भरून आले. “मी तुला आधीच सांगायला हवं होतं गं. पण तुझी श्रद्धा, कसं बोलू? माझंच चुकलं.”

“तुमचं कशानं चुकंल बाई? तुम्ही तर लई केलं माझ्या लेकरासाठी.” भागूबाई तिथंच फरशीवर बसली.

घरी गेल्यावर तिनं जिजाला खरं ते सांगून टाकलं. “म्याच तुझं वाटोळं केलं, माय.”

“म्या म्हणलं नव्हतं डाग दिसतो?” जिजा किंचाळली. “म्हणलं नव्हतं?” आणि भिंतीकडं तोंड करून रडत राहिली. पुढं चार दिवस ती आईशी बोलली नाही. शाळेचा माणूस येऊन टॅब घेऊन गेला, तेव्हा बाहेरही आली नाही.

भागूबाईला स्वतःच्या बोटाची शिसारी आली. तिनं करंडा उचलून माळ्यावर टाकला आणि कपाळाला टिकली लावायला लागली. भांडी घासताना ते थोटं बोट दिसलं, की तिला रडू यायचं.

पंधरा दिवसांनी बाईंच्या घरी गडबड होती. मैथिलीच्या बॅगा भरून दारात ठेवलेल्या.

“नंबर लागला गं आमच्या मैथिलीचा,” बाई म्हणाल्या. “चालली हॉस्टेलला.”

भागूबाईला मनापासून बरं वाटलं. कडेवर घेऊन खेळवलेली पोर ती. कुणाच्या का असंना, लेकराचं भलं झालं.

“ते पार्सल शाळेकडून आत्ताच आलंय, बक्षिसाची फ्रेम असेल. कागद काढ, काच पूस आणि त्या खिळ्याला लाव. मी पेढे काढते तोवर.”

भागूबाईनं खाकी कागद अलगद सोडवला. आत काचेखाली कसलंसं लिहिलेलं पान होतं. तिला वाचता कुठं येत होतं? तिनं पदर ओला केला आणि काच पुसायला घेतली. चारी कडा लख्ख झाल्या. वरच्या कोपऱ्यात एक लाल डाग तेवढा राहिला.

तिनं तो घासला. निघाला नाही. तोंडाची वाफ देऊन पुन्हा घासला.

“झालं का गं पुसून?” आतून बाईंनी विचारलं.

डाग काचेच्या आत होता. अर्धाच होता, डाळीच्या फाकेएवढा.