उजवीकडचं जाकीट

"शिक्का बघून पारख करायची, तर मग मी कशाला हवी?"

खरेदीदार बाई खिसा उलटा करून दाखवायला निघाल्या होत्या. मावशीने त्यांना थांबवलं आणि गळ्यातली टेप काढली.

टेबलावर दोन करडी जाकिटं. एक बाईंनी परदेशातून पाठवलेलं मूळ, आतल्या खिशात त्यांच्या कंपनीचा शिक्का असलेलं. दुसरं त्यावरून भाच्याने शिवलेलं. मूळ उजवीकडे, नक्कल डावीकडे, हा मावशीचा नियम सगळ्या शिवणकारखान्यांना पाठ होता. भाच्याने लवकर येऊन तसंच मांडलं होतं आणि तो खिडकीकडच्या खुर्चीत बाईंशेजारी बसला होता. मावशी मागाहून आली, समोर बसली.

बावीस वर्षं ती इथल्या कारखान्यांची गाठ तिकडच्या दुकानांशी घालून देत होती. तिने पास केलेला माल एकदाही परत आला नव्हता. तिकडचे लोक तिचं नाव घेऊन सही करत.

बाईंचा जुना कारखाना बंद पडला होता. बारा हजार जाकिटं शिवणारं कोणीतरी त्यांना हवं होतं. भाच्याकडे अकरा मशिनं, चौदा बायका आणि हातात एकही काम नाही. हे हुकलं तर महिनाअखेर टाळं. मावशीचा जीव तुटत होता, पण नात्यातला म्हणून पास केला, हे तिला कोणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. आल्या आल्या तिने बाईंना त्यांच्या भाषेत सांगून टाकलं, हा माझ्या बहिणीचा मुलगा, त्यामुळे याला चाळणी दुप्पट बारीक.

मग तिने डावीकडचं जाकीट ओढलं.

"लिहून घे."

*एक. कॉलरचं एक टोक दोन दोरे लांब.*

"रुसून बसल्यासारखी दिसतेय कॉलर."

"मावशी, अगं हे..."

"कारणं नकोत. लिही."

भाच्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं होतं, विचारात पडल्यासारखं.

*दोन. इंचाला बारा टाके हवेत, अकराच.*

*तीन. बाही फिरलेली.*

"हे घालणाऱ्याचा हात कायम कोणाला तरी टाटा करणार."

*चार. काज घट्ट. पाच. खिसा तिरका.*

सहावा दोष मावशीने डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने शोधला. अस्तर खांद्याशी ओढलं जात होतं. बाईंनी कौतुकाने मान डोलावली. मावशीला बरं वाटलं. कामात वशिला नाही, हे एकदा दिसलेलं बरं.

तिने ते जाकीट दूर सारलं आणि उजवीकडचं दोन्ही हातांनी उचललं.

"हे बघ. याला काम म्हणतात. टाके कसे, मोजून घे. असा हात तुझ्या कारखान्यात यायला दहा वर्षं लागतील, राजा."

भाच्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा झाला तरी रडतो, मावशीच्या मनात आलं. तिने पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. तुमच्या भरवशावर मी यातलं कोणतं विकू?

"हे." मावशीने उजवीकडच्या जाकिटावर हात ठेवला. "असं शिवणारा भेटला, तर दुसरीकडे बघूसुद्धा नका. सही करून मोकळ्या व्हा."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि कागद भाच्यापुढे ठेवला.

"अहो, तुमचा गोंधळ होतोय," मावशी हसून म्हणाली.

बाईंनी नापास जाकीट, मावशीच्या डाव्या आणि भाच्याच्या उजव्या हाताला पडलेलं, जवळ ओढलं आणि त्याचा आतला खिसा उलटा केला. त्यावर त्यांच्या कंपनीचा निळा शिक्का होता.