धरून ठेवलेला ब्रेक

"मधला दाब हं, कडेचा नको! एक पाय गेला तेवढा पुरे," नवरा गाडीखालून ओरडला.

बायकोने मधल्या पेडलवर पाय ठेवला. गेल्या वर्षी तो उतारावर फाटक उघडायला उतरला, ही स्टिअरिंगवर होती, आणि गाडी पुढे येऊन त्याचा गुडघा फाटकात चेचला. हिने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला, हा निकाल त्याने दवाखान्यातच देऊन टाकला. पुढे त्याचा विनोद झाला. कुणाकडे जेवायला गेलं, की तो सांगितल्याशिवाय स्वारी हात धुवायला उठत नसे. तिने गाडी चालवणंच सोडलं. आज तिला तिथे बसवलं, कारण ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली एअर काढायची तर पेडलवर दुसऱ्याचा पाय लागतो.

आजोबांच्या वेळची गाडी. क्लच सकाळीच झाला होता, ब्रेकचं हे शेवटचं चाक.

"दाब... धर." त्याने चाकामागचा हवा सोडायचा निपल सैल केला. नळीतून बुडबुडे आले, मग स्वच्छ ऑइल. त्याने निपल आवळला. "सोड. आता परत दाब आणि धरूनच ठेव. कुठे गळतंय का बघतो."

टॉर्च घेऊन त्याने चारही चाकं पाहिली. थेंब नव्हता. गडी स्वतःवरच खूष झाला.

"अहो, पाय आत जातोय."

"जाईल कसा? सगळं बंद आहे."

"मी काही करत नाहीये. आपोआप चाललाय. हा बघा, टेकला."

"उतर खाली!" लंगडत येऊन तो सीटवर बसला आणि सवयीप्रमाणे त्याने ब्रेक दोनदा थोपटला. पेडल दगडासारखं घट्ट. आयुष्यभर त्याने गाडी अशीच दोनदा थोपटून थांबवली होती. अपघातानंतर ब्रेक तपासला तोही असाच. "बघ! काय झालंय याला?"

"धरून ठेवा की," ती म्हणाली.

त्याने धरला. क्षणभर काही झालं नाही. मग पायाखालचं पेडल हळूच हललं. त्याने जोर लावला, तरी ते आत जात राहिलं, पार तळाला टेकेपर्यंत.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर गळत नाही, म्हणजे आत मास्टर सिलिंडरमधला वॉशर गेलाय. दाबलेलं ऑइल आतल्या आत मागे निसटतंय. पटपट दाबणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. उतारावर ब्रेक धरून बसणाऱ्यालाच कळेल.

'दाबला होता हो मी, पण पाय आतच जात गेला,' असं ती दवाखान्यात रडून सांगत होती. तेव्हा तो डॉक्टरांना डोळा मारून हसला होता.

"तू..." त्याने तळाला टेकलेल्या पेडलकडे पाहिलं. "तू ब्रेकच दाबला होतास."

ती दाराशी उभी राहून त्याच्या पायाकडे बघत होती.

"आता हे कुणाकुणाला सांगाल?"