दाभोळचं खोकं

खोकं तेच होतं. पांढऱ्या चौथऱ्यावर ठेवलेलं, वरून दिवा सोडलेला, तरी तेच. निळी नायलॉनची दोरी, आणि काळ्या मार्करने लियाकतभाईंनी स्वतः लिहिलेलं नाव : लियाकत मुकादम, दाभोळ, जिल्हा रत्नागिरी.

चार दिवस ते हे खोकं शोधत होते. दुबईत जबल अली बंदराच्या गोदामात एकतीस वर्षं लोकांचा माल सांभाळला, आणि स्वतःचंच खोकं हरवावं! मुलावर, अर्सलानवर, ते उगाच चिडलेही होते. शुक्रवारचं विमान होतं, कायमचं गावी परतायचं. आणि खोकं इथे शारजात, नातीच्या कॉलेजच्या कलाप्रदर्शनात ऐटीत बसलं होतं.

“दादा, यू वोन्ट गेट इट,” अरफा सकाळी म्हणाली होती. आजोबांना ती दादा म्हणे. “पण या.”

म्हणून ते आले होते. आपली पोर तीन वर्षं काय शिकते, ते जाण्याआधी एकदा तरी कळावं, एवढीच इच्छा होती.

शेजारी भिंतीवर पाटी होती. त्यांनी ती दोनदा वाचली. इंग्रजी त्यांना परकं नव्हतं. कस्टमचे कागद जन्मभर वाचले होते. इथेही एकेक शब्द कळत होता, पण वाक्य होईतो सगळं निसटत होतं. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अनटायटल्ड’. आजूबाजूचे लोक हात मागे बांधून, गंभीर चेहऱ्याने बघत होते. सगळ्यांना कळत असावं.

“आपण अडाणीच राहिलो,” ते पुटपुटले.

“मराठी का?” शेजारची बाई चटकन वळली. “बरं झालं. काका, तुम्हाला कळलं का हो काही? मी पाटी वाचून वाचून दमले. कुणाला विचारायचीही लाज वाटते.”

“कलेतलं नाही कळलं. आत काय आहे, ते सांगतो. तीन किलो खजूर, प्रेशर कुकर, सहा बाम, बायकोला, आमच्या मरियमबीला, दोन दुपट्टे. आणि कुकर वाजू नये म्हणून मधे चादर.”

बाई हसली. मग हसता हसता थांबली. “आमचे बाबा कुवेतहून असंच आणायचे. दोरी सुटायच्या आधीच आम्ही भावंडं बाजूने बोटं घालायचो. साबणाचा वास यायचा.”

गाठ मात्र सैल पडली होती. लियाकतभाईंना राहवेना. त्यांनी हात पुढे केला.

“चाचा! टच नहीं करना!” दाराशी उभा असलेला गार्ड, मुश्ताक, धावत आला.

“अरे भाई, मेरा बक्सा है ये!”

मुश्ताक हसला. “सुबह से सब यही बोल रहे हैं, चाचा. सफाईवाला, बिजलीवाला, वो केरल का ड्रायव्हर. बोर्ड कोई नहीं पढता. गांठ देखते हैं और रुक जाते हैं.” मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, “मैं भी.”

लियाकतभाईंचा हात तिथेच थांबला.

एवढ्यात गर्दीतून अरफा आली. चेहरा पडलेला. “दादा, सॉरी! आय वॉज गोइंग टु आस्क यू. तुमचं सगळं सामान माझ्या बेडखाली आहे, प्रॉमिस. हे पण घेऊन जा. खलास. यात काहीच नाहीये, रिकामं आहे.”

“रिकामं?”

त्यांनी बाईकडे पाहिलं. ती अजून दोरीकडेच बघत होती. त्यांनी मुश्ताककडे पाहिलं. मुश्ताकने मान दुसरीकडे वळवली. लियाकतभाईंनी दोन्ही हातांनी गाठ करकचून आवळली, हात घालायला वर एक फास ठेवला आणि खोकं होतं तिथेच नीट सरकवलं.

“तरीच,” ते नातीला म्हणाले. “नाहीतर एवढ्या लोकांचं सामान यात मावलं कसं असतं!”