हळू येणारा पडाव

“तो बघ, पांढऱ्या शर्टातला. तोच तुझा बाबा.” रुकैयाने मांडीवरच्या कनीजची हनुवटी धरून तिचं तोंड जेटीकडे वळवलं. कनीजला बाबाचं काही नव्हतं. दात शिवशिवत होते, आईच्या गळ्यातली पोत चावण्यात ती गुंग होती.

आखातातल्या दोहा बंदराचं पाणी उथळ. मुंबईची बोट दूर समुद्रातच उभी होती आणि तिच्यावरचा माल नि माणसं हा पडाव, बिनइंजिनाची रुंद मालवाहू नाव, किनाऱ्याला आणत होता. तळापासून वरपर्यंत सिमेंटच्या गोण्या, गोण्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर माणसं. पुढे एक लाँच दोराने ओढत होती. रुकैया अगदी पुढच्या कडेला येऊन बसली होती. मागे बसून त्याला लेक कशी दिसली असती?

कनीज जन्मायच्या आधीच मुनाफ इकडे आला, एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून म्हणून. लेक त्याने अजून पाहिली नव्हती.

जेटी जवळ आली तशी लाँचने दोर सोडला आणि ती बाजूला झाली. पडाव आपला येतच राहिला. सावकाश, म्हातारा माणूस चालावा तसा. आता त्याला कोणी ओढत नव्हतं. कोणी थांबवतही नव्हतं.

मुनाफ झपाझप पायऱ्या उतरून पाण्याजवळच्या पायरीवर आला. त्याने चप्पल काढली, दगडी भिंतीला पाठ टेकवली आणि उजवा पाय पुढे केला.

रुकैयाला हसू फुटलं. गावच्या खाडीत होडी किनाऱ्याला लागताना तो अशीच थोपवायचा. गावातले सगळेच थोपवायचे. तळवा होडीला लावायचा, गुडघा जरा सैल सोडायचा, मग रेटा द्यायचा. होडी अशी अलगद थांबायची की आतल्या बायांच्या टोपलीतली मासळी हलायची नाही.

“साहेबांच्या हापिसात बसायला लागले, तरी सवय काय जाईना,” ती मुनीराबींना म्हणाली. बोटीवर त्यांची ओळख झाली होती.

“तुमच्यासाठीच गो ते. पोरीला हिसका बसायला नको.”

“ओ शर्टवाले!” मागून नसरुद्दीन तांडेल ओरडला. पडाव त्याच्या ताब्यात होता. “वर व्हा! टायर बांधलेत तिथे थोपवायला!”

“हळूच तर येतोय, तांडेल!” मुनाफ हसून म्हणाला. “पुढे माझी लेक बसलीय.”

“हळू येतो म्हणून काय झालं? होडी न्हवं ती! सिमेंट आहे आत! अरे वर हो, मरशील!”

मुनाफने ऐकलं की नाही कोण जाणे. तो कनीजकडे बघत होता. कनीजनेही पोत सोडली आणि या नव्या माणसाकडे टक लावून पाहिलं. त्याने तिला जीभ काढून दाखवली. ती खुदकन हसली.

त्याचा तळवा पडावाला टेकला. त्याने रेटा दिला.

गुडघा वाकला. आणखी वाकला. मुनाफने दोन्ही हात लावले. हसू अजून तोंडावर तसंच होतं, फक्त डोळे बदलले. मग कडेखाली त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

खाली काहीतरी मोडलं. पडाव तसूभरही अडला नाही. आपल्या चालीने पुढे सरकला, टायरांना टेकला आणि थांबला. वर कोणाला धक्का म्हणून जाणवला नाही.

“बघ, थोपवलान की नाय?” मुनीराबी कौतुकाने म्हणाल्या.

मागे तांडेलाचं ओरडणं बंद झालं होतं. जेटीवरची माणसं पायऱ्यांकडे धावत होती.

रुकैयाने कनीजचं झबलं नीट केलं, तिला दोन्ही हातांनी उचललं आणि त्याने खालून घ्यावी म्हणून कडेबाहेर धरलं.